सुकलालचा गोल

सावद्याच्या पुढे केळीच्या बागांमध्ये तोतारामभाऊंचा मळा आहे. तिथे दर वर्षी डिसेंबरातल्या एका रविवारी वांग्याच्या भरिताची पंगत बसते आणि फुटबॉलचा सामना होतो. त्यात चेंडू नसतो, खेळाडू बाजेवर पाय पसरून बसलेले असतात, आणि निकाल तर अडतीस वर्षांपूर्वीच लागलेला आहे. तरी माणसं धुळ्याहून, शिरपूरहून, पार नाशकाहून गाड्या करून येतात आणि सामना रंगात आला की तोंडाशी नेलेला भरिताचा घास तसाच हातात धरून बसतात.

हे कसं होतं, तर तोतारामभाऊ सामना सांगतात.

तोतारामभाऊ तसे चारचौघांसारखे केळीवाले. देवाने त्यांना पाय दिले ते चालण्यापुरते, आवाज मात्र सढळ हाताने दिला. तरुणपणी मामाकडे राहून धुळ्यात देवपूरच्या एका कॉलेजात शिकत होते, म्हणजे जात होते. तिथे फुटबॉलच्या संघात शिरायचा प्रयत्न केला आणि पहिल्याच दिवशी आपल्याच गोलकीपरवर जाऊन आदळले. खेळाच्या सरांनी त्यांना बाजूला घेतलं, मांडवातला कर्णा हातात दिला आणि म्हणाले, "तू बोल फक्त." तेव्हापासून तीन वर्षं त्या संघाच्या प्रत्येक सामन्याचं वर्णन तोतारामभाऊंनी केलं. पांझरेच्या अलीकडच्या तीरावर बसलेल्यांनाही पलीकडे काय चाललंय ते ऐकू यायचं, असं लोक सांगतात. थोडं कमी केलं तरी बरंच उरतं.

आणि तो संघ तरी कसा! तीन वर्षांत हरणं त्यांना माहीत नव्हतं. मागे कौतिक, अंगाने आडवा, त्याच्यावर आपटून चेंडू परत फिरायचा. आणि डाव्या बाजूला सुकलाल. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा पोरगा. अनवाणी खेळायचा. सरांनी हौसेने बूट आणून दिले तर म्हणाला, "सर, याच्यात मना पाय मलेच सापडत नही." तो चेंडू घेऊन निघाला की अख्खं मैदान उभं राहायचं. दुकानदार गल्ला उघडा टाकून यायचे. कापसाच्या ट्रकमध्ये उभं राहून लोक भुसावळपर्यंत गेले, ते त्या शेवटच्या सामन्याला. धुळे विरुद्ध भुसावळ, एकास एक बरोबरी, ऊन कललेलं, खेळ संपत आलेला, आणि सुकलालने तो गोल केला. पुढे पोरं पांगली, संघ मोडला. कॉलेजात आता फुटबॉल कोणी खेळत नाही. त्या गोलाची फिल्म नाही, फोटो नाही. तो आहे फक्त तोतारामभाऊंच्या घशात.

सुकलाल शिक्षण अर्धं सोडून गावी गेला. पावसावरची शेती, जंगलातलं काम. दर डिसेंबरात मात्र तो बायकोला घेऊन भरिताला यायचा आणि आपलं कौतुक चालू असताना खाली मान घालून पुरी मोडत बसायचा. चार वर्षांपूर्वी काविळीने गेला. त्या डिसेंबरात लोकांना वाटलं, आता कसला सामना. पण सकाळी मळ्याच्या वाटेवरून सुकलालची बायको धनीबाई एकट्याच चालत आल्या, दोन एसट्या बदलून. म्हणाल्या, "भाऊ, तो गोल सांगा." त्यांचं लग्न सामन्यानंतरचं. नवऱ्याला त्यांनी मोळी वाहताना पाहिलं होतं, शेत निंदताना पाहिलं होतं, तापात पाहिलं होतं. चेंडू घेऊन पळताना कधीच नाही. तो सुकलाल त्यांना वर्षातून एकदा या मळ्यातच भेटायचा. तेव्हापासून त्यांची जागा ठरलेली, अगदी पुढे, गोणपाटावर.

तर असा हा सामना. यंदा त्यात घोळ झाला तो मयुरीच्या लग्नावरून.

मयुरी तोतारामभाऊंची धाकटी, जळगावला बँकेत. तिला वरणगावचं स्थळ आलं होतं. मुलगा हितेंद्र, नाशिकला नोकरी. दोघं तीन-चारदा भेटली, एकमेकांना पसंत पडली, मयुरी तर फोन आला की गच्चीवर जायला लागली होती. आता उरली होती ती मुलाच्या वडिलांची पसंती. शालिग्रामभाऊ, ऑर्डनन्स फॅक्टरीतून नुकतेच निवृत्त झालेले. माणूस सरळ, पण मानी. एका घरी कोणी त्यांच्या उंचीवरून थट्टा केली, तर चहा न घेता उठून आले, अशी त्यांची ख्याती. तोतारामभाऊंनी मोठ्या उत्साहात त्यांना भरिताचंच आमंत्रण दिलं. मळा बघतील, माणसं बघतील, ओघात बोलणीही होतील.

रविवारी सकाळी कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती, दोघं जण लाकडी बडजीत ती ठेचत होते, मिरची-लसणाचा ठसका सगळ्या मळ्यात पसरला होता. गाडी आली. शालिग्रामभाऊ उतरले, दारात डोकं वाकवून उतरावं लागेल एवढे उंच. रामराम झाला. ते मयुरीशी दोन शब्द बोलले, केळीचे घड बघत पुढे गेले, आणि जुन्या संघातल्या कौतिकने तोतारामभाऊंचा दंड धरून त्यांना पाण्याच्या टाकीमागे ओढलं.

"वळखलं का?"

"कोणाले?"

"आरे, तुझं बुजगावणं शे ते."

तोतारामभाऊंनी टाकीआडून पुन्हा पाहिलं आणि डोकं झटकन मागे घेतलं. कारण सांगायचं राहिलंच. त्या गोलाच्या वर्णनात शेवटी तोतारामभाऊ विचारायचे, "आणि गोलकीपर?" आणि अख्खा मळा एका आवाजात ओरडायचा, "बुजगावणं!" भुसावळचा गोलकीपर शेतातल्या बुजगावण्यासारखा हात पसरून उभाच राहिला, हे त्या सामन्यातलं सगळ्यांत लाडकं वाक्य होतं. अडतीस वर्षं लोक त्यावर पोट धरून हसत आले होते. आणि ते बुजगावणं आता केळीच्या बागेत मुलीचा सासरा व्हायला आलं होतं.

ही बातमी लताबाईंना कळली तेव्हा त्या पुऱ्या तळत होत्या. झारा तसाच हातात घेऊन त्या नवऱ्याकडे आल्या. "यंदा ते म्याच राहू द्या. पोरीचं ठरू द्या पह्यले, मंग काय बोंबलायचं ते बोंबला."

"आन् धनीबाई? त्या काय भरीत खायले आल्या?"

लताबाईंनी गोणपाटाकडे पाहिलं. धनीबाई नवं लुगडं नेसून केव्हाच्या बसल्या होत्या. लताबाई कढईकडे परत गेल्या. इकडे आड, तिकडे विहीर. कौतिक पंगतीतून कानाकानात सांगत फिरला की यंदा ते शेवटचं ओरडायचं नाही. पण साठ-सत्तर माणसांना गप्प बसवायचं म्हणजे उंदरांना धान्य राखायला सांगण्यातला प्रकार.

जेवणं अर्ध्यावर आली आणि हाका सुरू झाल्या. "भाऊ, माईक घ्या." तोतारामभाऊंनी माईक घेतला. शालिग्रामभाऊ पहिल्याच बाजेवर बसले होते, पुढ्यात केळीचं पान, चेहरा कोरा.

पण एकदा सुरू झाले की तोतारामभाऊंना स्वतःला आवरत नाही. मैदान उभं राहिलं, डफ वाजला, बरोबरी झाली. म्हातारी माणसं बाजेच्या कडेला सरकली. "कौतिकने छातीवर चेंडू घेतला... पाहिलंसुद्धा नाही, दिला डावीकडे... तिथे कोण? तिथे सुकलाल. निघाला सुकलाल. एकाला टाकलं मागे. दुसऱ्याला टाकलं. तिसरा तर बिचारा खालीच बसला..." मळ्यात कोणी श्वास घेत नव्हतं. धनीबाईंचे ओठ शब्दांबरोबर हलत होते. आता पुढे यायचं होतं, 'समोर ऊन, डोळे किलकिले, तरी डावा पाय उचलला.' तोतारामभाऊंनी बाजेकडे पाहिलं, मग मयुरीकडे, आणि त्यांची जीभ वळली.

"आणि ऊन होतं गोलकीपरच्या डोळ्यांत," ते म्हणाले. "त्याला बिचाऱ्याला चेंडू दिसलाच नाही. दिसला असता तर अडवलाच असता. गोल."

कोणी ओरडलं नाही. कोणी टाळी वाजवली नाही. जुन्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. नुसतं ऊन इकडचं तिकडे केलं होतं, पण सुकलालचा गोल तेवढ्यात नशिबाचा गोल होऊन गेला होता. तोतारामभाऊंना ते शब्द तोंडातून सुटतानाच कळलं, आणि त्यांनी माईक खाली घेतला.

धनीबाई हळू म्हणाल्या, "भाऊ, आसा नही व्हता तो गोल."

तेव्हा शालिग्रामभाऊ बाजेवरून उठले. लताबाईंनी कढईवरून मान वर केली. आता हे गाडीकडे जाणार. पण ते तिथेच उभे राहिले.

"त्या बरोबर सांगताहेत," ते म्हणाले. "ऊन माझ्या पाठीला होतं. डोळ्यांत होतं ते त्याच्या. तुम्ही मांडवात होता भाऊ, मी समोर होतो." मग म्हणाले, "तुमचं बुजगावणंही मला माहीत आहे. माझ्या साडूने मोबाइलवर ऐकवलं होतं. राग आला. अपमानाचा आला, खोटं कशाला सांगू. पण दुसराही आला. बुजगावण्याला गोल मारण्यात काय मोठेपणा? तो कोणीही मारेल. मी उभा नव्हतो. डावीकडे पूर्ण सूर मारला होता. चेंडूपर्यंत पोचलो होतो. बोटं लागली. तरी तो गेला."

त्यांनी डावा हात वर केला. करंगळीजवळचं बोट मधल्या सांध्यातून वाकडं होतं.

तोतारामभाऊंना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. अडतीस वर्षं आपण टाळ्यांसाठी त्या गोलकीपरला हसलो, आणि जेवढा तो लहान केला तेवढा सुकलालचा गोलही लहान करत गेलो. हे एवढं साधं गणित आपल्याला कधी कळलं नाही.

धनीबाई उठल्या. शालिग्रामभाऊंच्या समोर जाऊन त्यांनी ते बोट निरखून पाहिलं, मग दोन बोटांत धरलं.

"हाई त्यासनी करं?"

"त्यांनीच, ताई."

"दुखनं व्हई मंग."

"महिनाभर. ताट उचलता येत नव्हतं."

धनीबाई हसल्या. नवरा गेल्यापासून त्यांना इतकं मोकळं हसताना मळ्यात कोणी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतलं पाणी न पुसताच त्या गोणपाटावर जाऊन बसल्या.

"घ्या माईक, व्याही," शालिग्रामभाऊ म्हणाले. "पहिल्यापासून सांगा. नीट."

'व्याही' हा शब्द चुलीपर्यंत गेला. लताबाईंची एक पुरी कढईत काळी झाली, आणि मयुरी उगाचच पाणी वाढायला धावली. तोतारामभाऊंनी घसा खाकरला आणि सामना पुन्हा सुरू केला. ऊन जिथलं तिथे गेलं. सुकलाल निघाला, एकाला टाकलं, दुसऱ्याला टाकलं, तिसरा खाली बसला, डोळे किलकिले करत त्याने डावा पाय उचलला, आणि सवयीने तोतारामभाऊंच्या तोंडून निघून गेलं, "आणि गोलकीपर?"

मळ्यातली साठ-सत्तर तोंडं उघडली आणि तशीच राहिली. आता काय ओरडायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

गोणपाटावरून धनीबाई म्हणाल्या, "तो उडना. तरी चेंडू गया."