सुईचं टोक

गोधडी शिवताना सुई मोडली, हे सुनंदाबाईंनी दोन दिवस घरात सांगितलंच नाही. सांगितलं तेव्हा तान्ही इरा त्याच गोधडीवर लोळत होती. त्यांचे यजमान उमाकांतराव गोधडी चाचपू लागले. टोक गोधडीत असेल, की नातीच्या अंगात? दवाखान्यात न्यावं तर सिरुसेरीला ऑफिसात गेलेल्या लेकीला कळणार, म्हणून म्हातारा-म्हातारी भिऊन गप्प बसली. शहाणपणा म्हणावा तर तो हा.

उमाकांतरावांची हयात गिंडीच्या एका लहान कारखान्यात कॉइल गुंडाळण्यात गेलेली. औषधाच्या बाटलीच्या झाकणावर त्यांनी बारीक तांब्याची तार गुंडाळली, ती एका छोट्या सर्किटला जोडली आणि शेजारी जुना रेडिओ लावला. कॉइलजवळ धातू आला की तिच्या लहरी बदलतात आणि रेडिओची घूंघूं चढते. सुईचा उरलेला तुकडा धरून पाहिला, आवाज चढला. मग गोधडीवर इंच न् इंच कॉइल फिरवली. काही नाही.

म्हणजे आता पोरगीच उरली.

सुनंदाबाई मांडी घालून बसल्या, इराच्या पायांतले वाळे काढले, तिला मांडीवर घेतलं. पोट गप्प, छाती गप्प. उमाकांतरावांनी कॉइल पाठीखाली सरकवली आणि रेडिओ किंचाळला.

"माझी जोडवी असतील," सुनंदाबाई कशाबशा म्हणाल्या.

"काढ."

"अहो, तुम्ही समोर असताना जोडवी काढू?"

"सुनंदा, काढ म्हणतो ना."

लग्नानंतर पहिल्यांदाच ती उतरली. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. जोडवी दूर ठेवली, कॉइल पुन्हा सरकवली. रेडिओ तसाच ओरडला.

उमाकांतरावांनी इराला उचलून पलंगावर ठेवलं आणि पालथी, उताणी करून तपासलं. रेडिओची घूंघूं कुठेच चढली नाही. पोर सुखरूप होती. त्यांना रडूच कोसळलं.

मग आवाज कुठला? कॉइल घेऊन ते बायकोच्या पायांशी बसले. बोटांशी गप्प. टाचेशी रेडिओ चढला. तिथे काळपट ठिपका होता आणि भोवतीची कातडी लाल, फुगलेली. साखरेनं पाय बधिर होतात, पायाला जपा, असं डॉक्टरांनी बाईंना मागेच बजावलं होतं. त्यांनी ठिपक्यावर अंगठा ठेवला आणि जोर लावून दाबला. पू आला.

सुनंदाबाई पलंगाकडे बघत डोळे पुसत होत्या. "पोर वाचली हो," त्या म्हणाल्या, "आता माझा पाय बघायचाय तर बघा की. नुसते बसलात काय?"