एक तांबडी रेघ

उशांचे अभ्रे शिवता शिवता ती लोकांची घरं सजवायला लागली आणि लोक तिला सप्तरंगी म्हणायला लागले. तोंडावर कौतुकाने, पाठीमागे जरा नाक मुरडून. एक भिंत मोरपंखी, दुसरी हळदी, चार खुर्च्या चार घरच्या, चौकटी मुद्दाम तिरक्या टांगलेल्या. लहान घराला फार शिस्त लावली की ते कोंदट होतं, असं ती ठासून सांगायची. समोरच्याचं ऐकून घेणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

एक गोष्ट मात्र ती कधी चुकवत नसे. काम सुरू करण्याआधी गवंडी बापाचा ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं ते पितळी वजन, छतापासून सोडायचा आणि दोरीला धरून भिंतीवर एक तांबडी रेघ मारायची. बाकी सगळं वाकडं असलं तरी चालेल, ही एक सरळ हवी.

या खेपेला घर धाकट्या बहिणीचं होतं. चौदा वर्षं भाड्याच्या खोल्या बदलून बदलून धाकटीने तिसऱ्या मजल्यावर स्वतःच्या दोन खोल्या घेतल्या होत्या. सप्तरंगीने त्यात जीव ओतला. तळाशी लॉन्ड्रीवाला मधली भिंत पाडून दुकान वाढवत होता. त्याच्या घणाचे ठोके दिवसभर तळपायांना जाणवायचे.

दुसऱ्या आठवड्यात दार चौकटीला घासायला लागलं. "रंग जाड बसलाय," म्हणत तिने रंधा मारला. मग पुन्हा मारला. भिंतीवरची फळी एका बाजूला झुकली, तिने खाली पाचर ठोकली. ओट्यावरच्या भिंतीत केसाएवढी भेग आली, तर या बाईने तिची वेल केली. दोन्ही बाजूंनी हिरवी पानं काढली, आणि दिसलीही झकास.

चार दिवसांनी धाकटी म्हणाली, "ताई, ही वेल इथवर नव्हती ना गं?"

"रुजली म्हणायची," सप्तरंगी म्हणाली आणि वाढलेल्या भेगेवर आणखी पाच पानं काढली. दोघी हसल्या. गवंड्याच्या लेकींना हसायचं कसं सुचलं, कोण जाणे. त्याच संध्याकाळी दाराला तिसऱ्यांदा रंधा मारून, सुतारकाम संपलं म्हणून तिने हत्यारं घरी नेऊन ठेवली, ओळंबा तेवढा पिशवीत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फक्त दिवा टांगायचा राहिला होता. खालचे ठोके सकाळपासून थांबले होते, आणि त्या शांततेने तिला उगाचच अस्वस्थ वाटत होतं. तिने वायर नेमकी तांबड्या रेघेच्या टोकाशी अडकवली. दिवा रेघेवरून खाली यायला हवा होता. वर वायर रेघेला चिकटलेली होती, खाली तिच्यापासून बोटभर लांब.

आपलंच चुकलं असेल म्हणून तिने पिशवीतून ओळंबा काढला. दोरी वायरीच्या शेजारी, तिच्याबरोबरच सरळ उतरली. रेघ तिने स्वतः मारली होती, याच ओळंब्याने. म्हणजे कलली होती ती भिंत. दार, फळी, वेल, खालचे घणाचे ठोके, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

"चपला घाल," ती म्हणाली.

"चहा टाकलाय ना."

"गॅस बंद कर आणि चल."

"ताई, आत्ता कुठे घर झालंय माझं." पण धाकटीने तिचा चेहरा पाहिला आणि मुकाट्याने गॅस बंद केला.

सप्तरंगीने कडी काढली आणि दार ओढलं. ते हललं नाही. दोघींनी मिळून ओढलं, मूठ हातात आली.

"तासून घे ना जरा," धाकटी हळूच म्हणाली. "रंधा कुठाय?"

रंधा सप्तरंगीच्या घरी होता. तीनदा तासलेल्या कडेवरून तिने बोट फिरवलं. लाकूड चौकटीत रुतून बसलं होतं, नख शिरेल एवढीही फट उरली नव्हती.

मागे काहीतरी पडलं. दोघींनी वळून पाहिलं. वेलीचं एक हिरवं पान, गिलाव्यासकट, ओट्यावर येऊन पडलं होतं.