गाय बघायला येणारा बाप

नव्वदच्या दशकात मी मंचरच्या एका संस्थेत काम करत होते. मतिमंद मुलांसाठी आमची दिवसाची शाळा होती, पण माझं काम शाळेत कमी आणि रस्त्यावर जास्त. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत कुणाच्या घरी असं मूल किंवा मोठं माणूस आहे का ते शोधायचं, त्याला काय जमतं, काय जमत नाही, कशाची गरज आहे याचा फॉर्म भरायचा आणि मग त्याच्यासाठी जागा बघायची. जागा म्हणजे कधी आमची शाळा, कधी एखादं काम, कधी निवासी संस्था. त्यामुळे काही गावांत माझी ओळख 'जागा बघणाऱ्या बाई' अशीच झाली. आळ्याच्या एका आजोबांनी तर मला चहा पाजून, रस्त्याकडेला दोन गुंठे मिळतील का, असं विचारलं होतं.

बेल्ह्याजवळच्या एका वस्तीवरून ग्रामसेवकाचा निरोप आला, की एका माणसाला त्याची मुलगी संस्थेत ठेवायची आहे. मी मोपेडवर गेले. पत्र्याचं घर, बाजूला घरापेक्षा मोठा गोठा. दारातच साठीचा एक माणूस पाटावर बसला होता आणि त्याच्यासमोर पाठ करून तिशीची एक बाई. तो तिची वेणी घालत होता. दावं वळावं तशी घट्ट, तिन्ही पेड ओढून. वेणी पुरी होईपर्यंत त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मग हात धोतराला पुसत उठला.

"या म्याडम. हीच ती."

मुलीची आई वर्षापूर्वी गेली होती. मुलगा-सून पुण्याला, चाकरीला. घरात आता बाप आणि ही. बापाची जनावरं होती, आणि जनावराची पारख अशी, की बेल्ह्याच्या बाजारात माणसं त्याला शोधत येत. बैल घ्यायचा तर ह्यानं एकदा दातांत बघून मान हलवायची, मग सौदा. मुलीला तो 'बाय' म्हणत असे.

मी फॉर्म काढला. स्वतः आंघोळ करते का? "न्हाई जमत." कपडे घालते का? "मी घालतो." बटणं? "न्हाई." जेवते? "घास करून ठिवावा लागतो." ती आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. मी आकारांची लाकडी पाटी तिच्यापुढे ठेवली. गोल, चौकोन, तारा, ज्याचा त्यानं आपापल्या खाचेत बसवायचा. तिनं गोल उचलला, बरोबर बसवला, पुन्हा काढला, पदराला पुसला आणि माझ्या हातात दिला. पुढच्या तुकड्याला हात लावला नाही. मी लिहिलं, 'एक'.

पुढचा प्रश्न होता, धोका ओळखते का? बाप म्हणाला, "तिला कसलं कळतंय." तेवढ्यात गोठ्यात वासरू सुटलं आणि दोन बैलांच्या मध्ये शिरलं. मी जागची उठले. ती माझ्याआधी उठली, एका बैलाच्या पुठ्ठ्यावर थाप मारून त्याला सरकवलं, वासराच्या गळ्यात हात घालून त्याला बाहेर आणलं आणि खुंट्याला बांधलं. गाठ मारून. मी बापाकडे पाहिलं.

"ते व्हय," तो म्हणाला. "ते ती करती."

फॉर्मवर त्याला जागा नव्हती. मी शेवटी 'सतत देखरेखीची आवश्यकता' असंच लिहिलं, कारण निवासी संस्थेत नंबर लागायला तेच लिहावं लागे. आज वाटतं, ते वाक्य मुलीबद्दल नव्हतं, बापाच्या पहाऱ्याबद्दल होतं.

निघताना तो मोपेडपर्यंत आला. "म्याडम, मी काय अमरपट्टा घिऊन आलोय का? उद्या मी गेलो तर सून बघंल, न्हाई असं न्हाई. पण सून वेणी घालंल का?"

जागा मिळायला सात-आठ महिने गेले. पुण्याच्या सरकारी दवाखान्यातून दाखला काढायला तीन खेपा झाल्या, तिन्ही खेपांना तो तिला कडेवर घ्यावं तसा जपत घेऊन आला. शेवटी आंबेगाव तालुक्यातच, घोड नदीजवळच्या एका बायकांच्या संस्थेत एक जागा रिकामी झाली. तिथल्या अधीक्षिका उंच, करारी आवाजाच्या होत्या. त्यांचा एकच नियम कडक होता. पहिला महिना घरच्या कुणी भेटायला यायचं नाही, माणसाला रुळू द्यायचं.

मी तिला आणि त्याला घेऊन गेले. त्यानं तिचं गाठोडं आत ठेवलं, कॉट दाबून पाहिली, खिडकीची कडी हलवून पाहिली. ती रडली नाही. तोही नाही. फाटकाबाहेर आल्यावर मला म्हणाला, "पाणी गोड हाये हितलं."

चौथ्या दिवशी शाळेत अधीक्षिकांचा फोन. "अहो, तुमचे ते पालक आलेत."

मी एस.टी. पकडून गेले. संस्थेच्या फाटकासमोर चिंचेखाली तो बसला होता. शेजारी फडक्यात भाकरी आणि दुधाची बाटली.

"मामा, महिनाभर यायचं नाही असं ठरलं होतं ना?"

"मी कुठं आत गेलोय? भाईरच हाये."

"पण कशाला?"

"हितनं आवाज येतो," तो म्हणाला. आम्ही दोघं ऐकत बसलो. आत प्रार्थना चालली होती, तीस-चाळीस बायका आपापल्या चालीत म्हणत होत्या. "त्यात तिचा न्हाई," तो थोड्या वेळानं म्हणाला. "ती म्हणत न्हाई काय. पण हाये तितं."

त्या महिन्यात तो पाच वेळा आला. दोन एस.टी. बदलून, आळेफाट्याला ताटकळत. अधीक्षिका आधी चिडल्या, मग त्यांनी चिंचेखाली पाण्याचा माठ ठेवला. त्याच्यासाठी ठेवलाय असं मात्र त्या कधी म्हणाल्या नाहीत.

महिना संपला त्या दिवशी तो सकाळीच मंचरला माझ्याकडे हजर. डोक्याला नवा पटका. "चला, बायला आणू. मला न्हाई जमत म्याडम. जेवान ग्वाड लागंना. मी हाये तवर राहू दे घरला."

मला वाईट वाटलं, खरं सांगायचं तर रागही आला. इतक्या खटपटीनं मिळालेली जागा. पण पालक न्यायचं म्हणतात तेव्हा द्यायचं, हे मी मनाशी ठरवलेलं होतं. आम्ही गेलो.

दुपारच्या जेवणाची वेळ होती. बायका ताटं घेऊन ओळीत उभ्या होत्या. ती मधोमध होती. तिच्या मागे एक बुटकी, गोल चेहऱ्याची बाई, तिच्याच वयाची, तिच्या ओढणीचं टोक धरून उभी. हो, ओढणी. संस्थेत पंजाबी ड्रेस घालत. केसांत दोन वेण्या होत्या, एक कानावर आणि एक पाठीवर, कुणीतरी हौशीनं घातलेल्या.

बाप पुढे झाला. "चल बाय. घरी जायाचं."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, ओळखीचं हसली, त्याच्या पटक्याला हात लावून पाहिला. मग बुटक्या बाईकडे पाहिलं.

"न्हाई," ती म्हणाली.

मी तिच्या तोंडून ऐकलेला तो पहिला शब्द.

"आगं, घरी. वासरू हाये, गोठा हाये."

"तू जा," ती म्हणाली. "मी हितं. ही हाये." आणि ओळ पुढे सरकली तशी तीही सरकली, ताट पुढे करून. वाढपिणीनं भाजी वाढली. दोघी जणी भिंतीला टेकून बसल्या आणि जेवू लागल्या. घास स्वतःच करत होती. ड्रेसवर सांडत होतं, पण करत होती.

तो बराच वेळ उभा राहिला. अधीक्षिकांनी त्यालाही ताट वाढलं. तो जेवला, ताट विसळून ठेवलं आणि आम्ही निघालो. गाडीत खिडकीशी बसला. मंचर गेलं, एकलहरे गेलं, मी आपली आळेफाट्यापर्यंत सोबत जायचं म्हणून बसून राहिलेली. नारायणगाव जवळ आल्यावर तो बोलला.

"बटान लावलं व्हतं तिनं."

"हं."

"वरचंबी."

तो खिडकीबाहेर बघत होता आणि हसत होता, आणि पटक्याच्या टोकानं डोळे पुसत होता.

मला वाटलं, झालं. पुढच्या महिन्यात ग्रामसेवक बाजारात भेटले. म्हणाले, "बाई, मुलगी नीट बसवलीत, पण म्हातारं बिघडलं." मी वस्तीवर गेले. जनावरं चांगली राखलेली होती, गोठा झाडलेला, पण घरात चूल पेटलेली दिसेना. तो पाटावर बसला होता.

"म्याडम, तिचं बेस चाललंय, मला ठावं हाये. तक्रार न्हाई. पण सकाळी उठून मी काय करू? हात उठत्यात आन् वेणीच न्हाई."

माणसाची गरज ठरवायचं माझं शिक्षण झालेलं होतं. कितीतरी घरांत मी आई-बापांना प्रश्न विचारले होते, सगळे मुलांविषयीचे. हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. त्या दिवशी त्यानं माझ्यासाठी चूल पेटवून केलेला काळा चहा पिऊन मी परत आले.

उत्तर अधीक्षिकांनीच दिलं, नकळत. संस्थेला दुधासाठी गाय घ्यायची होती. त्यांनी मला विचारलं, माहितीतलं कुणी आहे का पारखी? मी म्हटलं, आहे, चिंचेखालचा.

आम्ही तिघं बेल्ह्याच्या बाजारात गेलो. टेम्पो, मोटारसायकली, धूळ, हंबरणं. अधीक्षिकांना पहिलीच गाय पसंत पडली. "शिंगं बघा किती सुरेख!" तो म्हणाला, "बाई, शिंगं काय पिळायची हायेत?" सकाळभर त्यानं त्यांना फिरवलं. एकीची कास बघितली, दुसरीच्या पुढ्यात नुसता उभा राहिला आणि पुढे गेला. शेवटी एका हडकुळ्या, तांबड्या गाईपाशी थांबला. शेजारचा व्यापारी हसला. "पावणं, हिला कोन नेणार?"

"हिच्या अंगाला कोनी बी हात लावला तर ही हालत न्हाई," तो म्हणाला. "बघा." आणि खरंच, अधीक्षिकांनी भीत भीत शेपटीला हात लावला तरी गाय उभी. "चाळीस बाया हात लावणार हिला. दूध वाढवू आपण. सभाव कुठनं वाढवायचा?"

गाय टेम्पोतून गेली. ती रुळेपर्यंत आठ दिवस त्यानं तिकडे राहायचं ठरलं. संस्था बायकांची, म्हणून त्याची बाज फाटकाजवळच्या गोठ्यात. पहिल्या दिवशी त्यानं मुलीला हाक मारली नाही. संध्याकाळी धार काढायला बसला तर ती स्वतःच बादली घेऊन आली, मागे बुटकी मैत्रीण. ती बापाच्या शेजारी उकिडवी बसली आणि सडाला हात घातला. मैत्रीण किंचाळून पळाली. तिसऱ्या दिवशी तीही बसली.

आठ दिवसांनी तो घरी गेला आणि पंधरा दिवसांनी परत आला. गाय बघायला. मग दर पंधरवड्याला. गाईला काहीही झालेलं नसे. ती तर गोलमटोल झाली होती. अधीक्षिका रजिस्टरमध्ये 'पालक भेट' न लिहिता 'गाय तपासणी' लिहीत, कारण पालक भेट महिन्यातून एकदाच चालत असे. दोन वर्षांनी मी फेरतपासणीचा फॉर्म भरायला गेले तेव्हा आंघोळ, कपडे, बटणं, जेवण सगळीकडे 'स्वतः' लिहिलं. पाटी मात्र तिनं तशीच केली. गोल बसवला, काढला, पुसला, मला दिला. बहुधा तिच्या मते ते तसंच करायचं असतं.

नवं शतक लागलं तेव्हा त्याला माझ्याबरोबर हिंडायची सवय लागली होती. एखादे आई-बाप घाबरलेले असले की मी त्याला बोलवत असे. माझं दहा मिनिटांचं समजावणं आणि त्याचं एक वाक्य यात लोक त्याचंच ऐकत.

एकदा जुन्नरला गेलो. कल्हईवाल्यांचं घर, एक मुसलमान मावशी आणि तिचा पस्तिशीचा मुलगा. तो बोलत नसे. नातेवाईकांनी मावशीच्या मागे लागून अर्ज करायला लावला होता, आणि पुरुषांच्या एका निवासी संस्थेत जागाही होती. मावशी दाराच्या आत पदर तोंडाला लावून बसलेली. मला वाटलं, आता मामा आपलं सगळं सांगतील, मुलगी कशी रमली, बटणं कशी लावते.

त्यानं आधी मुलाला पाहिलं. मुलगा दुकानाच्या पायरीवर बसून राखेनं भांडी घासत होता. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्या खांद्याला हात लावून जात होता. शाळेतली पोरं, भाजीवाली, समोरचा शिंपी. समोरचा शिंपी तर त्याला चहा देऊन गेला, न विचारता.

"मावशे," तो म्हणाला, "ह्यो रोज हितं बसतो?"

"लहानपणापास्नं."

"आन् तुमी नसताना?"

"दीर हायेत, त्यांची पोरं हायेत. समदी हायेत. पर लोक म्हणत्यात, संस्थेत चांगलं शिकिवत्यात."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग तिला म्हणाला, "माझ्या वस्तीवर माझ्या पोरीला कोन व्हतं? मी आन् बैल. म्हून तिला तितं ग्वाड लागलं. ह्याला हितं अख्खी आळी हाये. ह्याला नका हालवू."

मावशी माझ्याकडे बघू लागली, जणू परवानगी मागत. मी फॉर्म मिटला. त्याऐवजी आम्ही दिराशी बसून बोललो. मुलाचा दाखला काढून ठेवायचा, त्याला दुकानातलं आणखी एक काम शिकवायचं, आणि मावशीनंतर तो कुणाच्या घरी जेवेल ते आत्ताच ठरवायचं. दिरानं विचार न करता सांगितलं, "माझ्या." त्याची बायको आतून म्हणाली, "आजबी आमच्यातच जेवतो की."

निघताना मावशीनं आम्हाला झाकणाच्या डब्यांत शीरखुर्म्याचे वाटे दिले, ईद नुकतीच झाली होती. आम्ही जुन्नरच्या स्टँडवर बाकावर बसून ते खाल्ले. त्याचा वाटा त्यानं निम्माच खाल्ला आणि डब्याचं झाकण नीट दाबून लावलं.

"आवडला नाही का मामा?"

"लई आवडला," तो म्हणाला. "उद्या गाय बघायला जायाचंय."