बंबाचा वाटा

दाऊदभाईंच्या लॉरीत पुढच्या बाकावर बसायचे तर आधी परीक्षा द्यावी लागे. त्यांच्या डाव्या हाताला, बाकाच्या कडेशी, आग विझवण्याचा एक पितळी बंब चामड्याच्या पट्ट्याने बांधलेला असे. बसणाऱ्याने पट्टा सोडायचा, बंब उचलून खाली उतरायचे आणि पुन्हा वर येऊन तो होता तसा बांधायचा. ज्याला हे जमले नाही, तो मागे कापसाच्या ढिगावर बसे. एकदा तहसीलचे एक बडे अधिकारी आले. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. दाऊदभाईंनी इंजिन चालू केलेच नाही.

"गाडी पेटल्यावर तुमाला शिकवायला मला फुरसत न्हाई, साहेब," ते म्हणाले. "आत्ता शिका."

साहेबांनी बंब उतरवला आणि चढवला. त्यानंतर दाऊदभाईंनी हात पुढे करून त्यांची काडीपेटीही मागून घेतली. ती हिंगोलीला पोचल्यावर परत मिळाली.

तिसाच्या दशकाच्या अखेरीस मी हिंगोलीच्या एका जिनिंगमध्ये कापूस खरेदीचा कारकून होतो. पुसेगावच्या बाजूच्या खेड्यांतला कापूस आणण्यासाठी जिनिंगने दाऊदभाईंची लॉरी लावली होती. लॉरी त्यांच्या मालकीची, आणि घर तिच्यावरच चालत होते. त्या बाजूला सडक अशी नव्हतीच. काळ्या रानातली गाडीवाट, दोन्ही अंगांना चाकोऱ्या आणि मध्ये वाळलेल्या गवताची रांग. लॉरीच्या पोटाला ते गवत घासत जाई. वर कापूस, खाली गवत आणि मध्ये तापलेला धुराचा नळ. दाऊदभाई दर दोन कोसांवर थांबत, लॉरीखाली शिरून नळावर अडकलेले गवत उपसून काढत आणि मगच पुढे निघत.

बंब त्यांनी नांदेडला एका बंद पडलेल्या गिरणीच्या सामानातून मिळवला होता. त्यात सोड्याचे पाणी असे आणि गळ्याशी तेजाबाची, म्हणजे ॲसिडची, बाटली. बंब उलटा केला की तेजाब पाण्यात मिसळे आणि नळीतून जोराचा फवारा सुटे. एकदा सुटला की तो थांबवता येत नसे. पोट रिकामे होईपर्यंत चाले. दसऱ्याला लोक हत्यारे पुजत, दाऊदभाई त्याच दिवशी बंब रिकामा करून नव्याने भरत. हे काम ते भर बाजारात, लोकांना गोळा करून करत. विनय हा त्यांचा गुण नव्हता.

"या गाडीत दोघं मालक," ते सांगत. "एक मी, एक ह्यो. झगडा झाला तर मी उतरतो, ह्यो उतरत न्हाई."

खेड्यापाड्यांत त्यांची थट्टा होई. घरोघरी पाणी तापवायचा तांब्याचा बंब लोकांना माहीत होता, त्यामुळे लॉरी दिसली की पारावरून कोणीतरी ओरडे, "दाऊदभाई, पाणी तापलं का? आंघोळीला येऊ का?"

"तुमची शेवटची आंघोळ टळावी म्हणून तर घेऊन फिरून राहिलो," ते उत्तर देत.

पोरांनी बंबाला हात लावू नये म्हणून त्यांनी एक दहशतही घालून ठेवली होती. आत तेजाब आहे, थेंब पडला तर कातडे सोलून निघेल, जमिनीवर पडला तर तिथे गवत उगवणार नाही. हे बोलणे पोरांपुरते होते, पण मोठ्यांनीही ते खरे मानले. त्याचा हिशेब पुढे द्यावा लागला.

त्या वर्षी पुसेगावच्या अलीकडच्या एका खेड्यात ऐन सुगीत बैलांना खुरकूत लागली. एकाही बैलाला पाय टेकवेना. खळ्यावर ज्वारी येऊन पडलेली, मळणी करायला जनावर नाही आणि आभाळ तीन दिवसांपासून भरून आलेले. ज्वारी भिजली असती तर काळी पडली असती आणि गावाला वर्षभर तीच खायची होती. सगळ्यात मोठे खळे गयाबाईंचे होते. नवरा वारल्यावर शेती त्या स्वतः बघत. कापूस मोजून झाल्यावर, तो लॉरीत चढण्याआधीच, त्या लॉरीपाशी आल्या.

"दाऊदभाऊ, तुमची गाडी खळ्यावर फिरल का?"

"काहून न्हाई फिरणार? बैलाला जे जमतं ते हिला जमंल. चारा न्हाई लागत, शेण न्हाई टाकत."

जमलेले लोक हसले, फक्त गयाबाईंचे दीर रामजी हसले नाहीत. खळे म्हणजे देवाची जागा. त्यावर चामड्याची वहाण चालत नाही. दाऊदभाईंनी जोडे काढले. रामजींनी लॉरीच्या बाकाकडे बोट दाखवले. तोही चामड्याचा होता. त्यावर गोधडी टाकली. चाके धुतली, बॉनेटला हळदकुंकू लावले, मळणीचे बैल ज्याभोवती फिरतात तो मधला खांब, तिवडा, उपटून जागा मोकळी केली. मग रामजी म्हणाले, "आता त्यो बंब उतरवा."

"बंब न्हाई उतरणार."

"तुमीच म्हणता ना, थेंब पडला तर गवत उगवत न्हाई? आमच्या खायच्या दाण्यावर तेजाब न्हाई पायजे."

दाऊदभाई प्रथमच अडखळले. ते पोरांना भिववण्यासाठी होते, असे त्यांनी सांगून पाहिले. कोणी ऐकले नाही. तेव्हा त्यांनी जोडे उचलले.

"मग गाडी बी न्हाई. मुनशीजी, बसा. निघू."

मी बसलो नाही, कारण गयाबाई मध्ये उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी एकदा आभाळाकडे पाहिले.

"भावजी, दाना माझा हाय. बंब राहू द्या. पण दाऊदभाऊ, माझ्या खळ्यावर त्यो सांडला तर ती रास तुमच्या घरी टाकीन आन् माझी लेकरं तुमच्या दारात जेवायला बसवीन."

"मंजूर," दाऊदभाई म्हणाले.

त्यांची एकच अट होती: खळ्यावर नुसती कणसे पसरायची, धांडे नकोत. धांड्याची लांब पाती चाकाच्या आसाला गुंडाळतात हे त्यांना माहीत होते. पण आभाळ खाली आले होते आणि कणसे खुडत बसायला माणसांना धीर नव्हता. निम्म्या खळ्यावर कणसे पसरली. उरलेल्या निम्म्यावर धांड्यांसकट पेंढ्या तशाच सोडल्या आणि वरून कणसांचा थर दिला. हे दाऊदभाईंना कोणी सांगितले नाही.

लॉरी फिरू लागली. दाऊदभाई अनवाणी पायाने गाडी चालवत होते आणि बैलांना हाकताना म्हणतात तसे लॉरीला मोठ्याने हाकत होते. बायका काठाशी उभ्या राहून हसत होत्या. दाणे सुटत होते. बैलांना दिवस लागला असता ते काम डोळ्यांसमोर उरकत होते. रामजीही काठीने कणसे आत सारू लागले.

मग लॉरीच्या पोटाखालून धूर आला. पाठोपाठ जाळ दिसला.

जागच्या जागी थांबणे सोपे होते. तसे केले असते तर लॉरीसकट खळे गेले असते. दाऊदभाईंनी वेग वाढवला आणि खळ्याचा काठ ओलांडून शेजारच्या नांगरटीत लॉरी घातली. ढेकळांवर आदळत ती दूर जाऊन उभी राहिली. ते बंब घेऊन खाली उतरले तेव्हा आग दोन ठिकाणी होती. लॉरीच्या पोटाला गुंडाळलेली पाती जळत होती, आणि येताना खळ्यावर गळून पडलेल्या एका पेटत्या झुबक्याने तिथली ज्वारी धरली होती.

बंब एकच होता आणि एकदाच चालणारा. लॉरी त्यांच्या हाताशी होती, खळे दूर होते. दाऊदभाईंनी लॉरीकडे एकदा पाहिले आणि बंब छातीशी धरून खळ्याकडे धावत सुटले.

काठावर पोचताच त्यांनी तो उलटा केला. फवारा सुटला. ते जाळाभोवती वाकून, कडेकडेने आत सरकत, ज्वारी भिजवत गेले. कोणी त्यांना अडवले नाही. रामजी ओरडत होते, "इकडं, दाऊद, इकडं बी!" आणि तेच रामजी पुढच्या क्षणी पाठ फिरवून नांगरटीकडे धावले. त्यांच्यामागे सगळे पुरुष गेले. कोणी टोपल्याने, कोणी धोतराच्या ओच्याने, कोणी ओंजळीने माती लॉरीखाली लोटली. ढेकळे फोडून फोडून ती भिरकावली. बायकांनी विहिरीपासून घागरी हातोहात पुढे सरकवल्या. फवारा संपला तेव्हा खळ्यावर थोडासा काळा डाग उरला होता. लॉरीखालचा जाळ मातीत गाडला गेला होता. रंग गेला, एक चाक जळाले, एवढेच.

दाऊदभाई धापा टाकत खळ्याच्या काठी बसले. भिजलेल्या ज्वारीभोवती माणसे जमली, पण तिला हात कोणी लावेना. तेजाबाचे भय अजून होते. दाऊदभाईंनी मूठभर भिजके दाणे उचलले, तोंडात टाकले आणि चावू लागले.

"कसं लागतं?" रामजींनी विचारले.

"खारट. मीठ वाचंल तुमचं."

गयाबाईंनीही मूठ भरली. त्यांनी दाणे चावून पाहिले आणि मान डोलावली. मग हशा पिकला आणि कोणीतरी आरोळी दिली, "दाऊदभाई, आंघोळ झाली आमची!" दाऊदभाईंनी भिजका सदरा झटकला आणि पेंढ्या कोणी पसरल्या म्हणून सगळ्या गावाला मनसोक्त शिव्या दिल्या. गावाने त्या निमूट ऐकल्या.

पाऊस येण्याआधी ज्वारी झाकली गेली. पुढे उफणणी होऊन रास लागली, त्या दिवशी आम्हा दोघांना बोलावणे होते. राशीतून आधी देवाचे, मग सुतार, लोहार, कुंभार यांचे वाटे निघाले. गयाबाईंनी दाऊदभाईंचा वाटा काढायला सांगितला. दाऊदभाई उठून उभे राहिले.

"माझा नको. मी तर तुमची रास पेटवून राहिलो होतो. ज्यानं विझवली त्याचा काढा."

"बराबर हाय," रामजी म्हणाले. माप त्यांच्याच हातात होते. त्यांनी ते शिगोशीग भरले आणि देवाच्या वाट्याचे नाव घेतात त्या सुरात मोठ्याने म्हणाले, "बंबाचं!"

तेव्हापासून त्या गावात दर सुगीला बंबाचा वाटा निघत राहिला. आसपासच्या खेड्यांतून दाऊदभाईंना खळ्यावर बोलावणी येऊ लागली, आणि बंब नसेल तर गाडी नको, अशी अट आता गावेच घालू लागली. काही वर्षांनी मी नोकरी सोडून दुसरीकडे गेलो.

अठ्ठेचाळीस सालचा पावसाळा सरला तेव्हा पोलीस ॲक्शन होऊन निजामाचे राज्य गेले होते आणि ठिकठिकाणी मुसलमानांवर सूड उगवला जात होता. मी कामासाठी हिंगोलीला गेलो आणि दाऊदभाईंना भेटायला त्यांच्या घरी वळलो. गल्लीत दारे बंद होती. माणसे खिडकीच्या फटीतून बाहेर बघत. लॉरी कित्येक दिवस हलली नव्हती आणि कापसाचा हंगाम कोणाच्या हाती जाणार हे ठाऊक नव्हते. दाऊदभाईंनी दार उघडले. ते खंगले होते. घरात पीठ संपत आल्याचे त्यांनी सांगितले नाही. चहा देताना भाकरीचे नाव निघाले नाही, त्यावरून कळले.

आम्ही बोलत असतानाच बाहेर बैलगाडी थांबली. भर दुपारची वेळ होती आणि गाडीवान मुद्दाम मोठ्याने बैलांना हाकत होता. रामजी होते. मागे ज्वारीची पोती होती, आणि वाट्यापेक्षा ती जास्त होती हे कोणालाही दिसत होते.

"काहून आलास या दिवसांत?" दाऊदभाईंनी उंबऱ्यातून विचारले. "लोक बघून राहिले."

"बघू द्या," रामजी म्हणाले. त्यांनी पहिले पोते खांद्यावर घेतले आणि सगळी गल्ली ऐकेल असा आवाज काढला, "बंबाचं!"

समोरचे एक दार उघडले. मग दुसरे. पोती उतरवायला माणसे बाहेर आली.