अनवाणी अंदाज

लाकडी जमिनीच्या पॉलिशचा भाव मिस्त्रीकाकांनी कधीही त्याच दिवशी सांगितला नाही. दारात चपला काढायच्या, पायजमा दोनदा दुमडायचा आणि अनवाणी खोलीभर फिरायचं, हीच त्यांची मोजणी. फळी कुठे दबते, कुठे कुरकुरते, खिळ्याचं डोकं कुठे लागतं, सगळं पायांना समजायचं. मग एका कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाकून उकिडवे बसायचे. थेंब तसाच राहिला तर जुनं पॉलिश शिल्लक आहे, जिरला तर लाकूड उघडं पडलंय. गिऱ्हाईक घाईला यायचं, “भिया, रेट तो बता दो.” काका चपला घालत म्हणायचे, “कल बताऊंगा.” घरी आल्यावर मला म्हणायचे, “एवढी वर्षं माणसं चालली त्याच्यावर. एक रात्र तरी विचार नको करायला?”

धारमध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांचे पूर्वज मराठी दरबाराबरोबर ह्या हिंदी मुलखात सुतारकामाला आले, आमचे घोड्यांची निगा राखायला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ते मी कुणाला विसरू दिलं नाही. काका मला नावाने हाक मारत नसत. “ए बीए, कागद घे,” म्हणायचे. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून कामाचा अंदाज ते बोलायचे आणि मी हिंदीत उतरवून द्यायची. त्याबद्दल काकूंकडून चहा आणि वाटीभर शेव.

एकदा सरदारपूरला एका व्यापाऱ्याच्या माडीवरची सागवानी जमीन बघायला मीही गेले. काकांचं चालणं संपेना, शेठ मलाच विचारू लागले. मी टेप लावला, लांबीला रुंदीने गुणलं, काकांचा नेहमीचा दर लावला आणि आकडा सांगून मोकळी झाले. काका जागच्या जागी थांबले. पोरीचं चुकलं, असं ते म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. घासायला घेतल्यावर कळलं, त्या माडीवर वर्षानुवर्षं तेलाचे डबे ठेवलेले. तेल फळ्यांत खोल मुरलेलं, हातभर घासलं की पॉलिशपेपर चिकट. त्यात खिळे वर आलेले, एकेक आधी आत ठोकायचा. आठवड्याचं काम तीन आठवडे चाललं, आणि काकांनी मी सांगितलेलेच पैसे घेतले. शेवटच्या दिवशी हिशोब लिहायला मी गेले होते, तेव्हा परतीच्या बसमध्ये एवढंच म्हणाले, “लांबी घेतलीस, रुंदी घेतलीस. पाय किती फिरले ते घेतलंच नाहीस, बीए.” पुन्हा कधी विषय काढला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

काकू गेल्या आणि काकांनी बाहेरची कामं घेणं सोडलं. दिवसभर आपल्या घराच्या माडीवर एकटे असत. भिंतीपलीकडून मला त्यांची पावलं ऐकू यायची. मुलगा इंदूरला. त्याने ठरवलं की वडिलांना घेऊन जायचं आणि माडीची जमीन घासून-पुसून भाड्याने द्यायची. किती खर्च येईल, असं तो फोनवर विचारायचा आणि काका म्हणायचे, “उद्या सांगतो.” हा उद्या दीड वर्ष चालला. शेवटी तो मला म्हणाला, “ताई, तुम्हीच लिहून टाका ना. पप्पांना जमत नाहीये.”

मी कागद घेऊन गेले. काका अनवाणी फिरले, बोलत गेले, मी लिहीत गेले. चार फळ्या बदलायच्या, फटी भरायच्या, पॉलिशचे तीन हात. खिडकीशी आले आणि थांबले. काकू तिथे शिवणाचं हातमशीन घेऊन जमिनीवर बसायच्या, डावी टाच रोवून. चाळीस वर्षांत फळीवर उथळ, गुळगुळीत खळगा पडला होता. मी विचारलं, हा भरायचा की फळीच बदलायची? काकांनी आपली टाच त्यात ठेवली. मावत नव्हती.

“एवढा तुकडा सोड,” ते म्हणाले. “ह्याचा अंदाज मला येत नाही.”

मी लिहिलं, खिडकीजवळचा भाग सोडून. पॉलिश त्यांनी स्वतःच केलं, त्या तुकड्याच्या कडेकडेने.

इंदूरहून त्यांचा फोन यायचा. “इथं सगळीकडे टाइल्स. दिवसभर चालतो, पायाला काही कळत नाही.” गेल्या थंडीत काका गेले.

माडीची किल्ली माझ्याकडे असते. परवा नव्या भाडेकरूबाई म्हणाल्या, “दीदी, ये इतना टुकड़ा कैसे छूट गया? इसका भी करवा दो. कितना लगेगा?” दोन फूट बाय तीन फूट, हिशोब माझ्या जिभेवर होता. मी चपला काढल्या आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. पायाखाली फळी अजून गुळगुळीत होती.

“कल बताऊंगी,” मी म्हटलं.