इन्स्पेक्शनवाली मॅडम आणि आमचे डॉक्टर

किस्से मी गोळा करत नाही. दवाखान्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसलं की ते आपोआप जमतात, चपलांसारखे. सकाळी एक जोड असतो, दुपारी बघावं तर पाय ठेवायला जागा नाही. आखातातल्या दार्सैतच्या या दवाखान्यात मी झाडू मारतो, नंबर पुकारतो आणि लोकांवर ओरडतो. पगार पहिल्या दोन कामांचा मिळतो.

*

मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा मला काय माहीत कोण ते. अंगभर काळा अबाया, हातात टॅब, पायात चकचकीत बूट. सरळ आत निघाल्या. मी म्हटलं, "शूज बाहर." आमच्याकडे आत चपला चालत नाहीत. फरशी मी पुसतो.

डॉक्टर आतून धावत आले. "अहो शिर्के, त्या सरकारी इन्स्पेक्शनला आल्यात!"

मी म्हटलं, मग त्यांना तर नियम कळायला पाहिजेत.

मॅडमनी बूट काढले. मोज्यांवर सगळा दवाखाना तपासला. इंजेक्शनचे डबे, औषधांचा फ्रीज, हात धुवायचा साबण, सगळं पास. जाताना मात्र दारातल्या ढिगात त्यांना स्वतःचाच एक बूट सापडेना. रिपोर्टात एवढाच दोष आला: बाहेर पडायच्या वाटेत चपला, रॅक ठेवा.

*

रॅक आला आणि आमच्या लोकांची सोय गेली. डॉक्टर यायच्या आधी येऊन चपला रांगेत लावायच्या आणि आपण एसीखाली जाऊन बसायचं, ही त्यांची जुनी पद्धत. चपलेचा नंबर तोच माणसाचा. आता मी कागदाचे नंबर वाटायला लागलो. चपलांवरून कधी भांडण झालं नव्हतं, कागदावरून रोज व्हायला लागलं. एकाने तर मला विचारलं, "मामा, कागद माझाच कशावरून? चपलेचं बरं असतं, पायात घालून दाखवता येते."

*

मग आगीची प्रॅक्टिस. घंटा वाजली की सगळ्यांनी जिना उतरून खाली जायचं. मॅडम खाली घड्याळ लावून उभ्या. घंटा वाजली, कोणी हललं नाही. मी यल्ला यल्ला, चला चला करून घसा फोडला, तर सोहारहून पहाटे निघून आलेला स्टील प्लांटातला एक टेक्निशियन बसल्या जागेवरून विचारतो, "मामा, खाली गेलं तर नंबर जातो का?"

नाही जात म्हटल्यावर उठले. उतरले तेही नंबराने. दोन नंबर बाथरूममध्ये होता, म्हणून तीन नंबर जिन्यावर थांबून राहिला.

खाली डोकी मोजली तर डॉक्टर नाहीत! मी वर पळालो. डॉक्टर निवांत एका गवंड्याची छाती तपासत होते. घंटा त्यांना ऐकूच आली नव्हती. गवंड्याला विचारलं, तुला तरी ऐकू आली ना? त्याने मान हलवली, पण बोलेना. चेहरा लालभडक. डॉक्टरांनी त्याला श्वास रोखायला सांगितलं होतं, सोडायला सांगायचं राहिलं होतं.

*

डॉक्टरांच्या कानाचं असं आहे. छातीला लावायची त्यांची नळी आवाज मोठा करणारी आहे, तिच्यातून त्यांना बारीक खरखरसुद्धा कळते. पण ती कानात घालायची तर ऐकायचं मशीन काढावं लागतं, आणि काढलेलं मशीन परत घालायचं ते विसरतात. म्हणजे माणसाचं काळीज ऐकू येतं, माणूस येत नाही. मग डॉक्टर ओरडून विचारतात आणि पेशंट ओरडून सांगतो. बाहेर बसलेल्यांना सगळ्यांची दुखणी पाठ.

मॅडम तिसऱ्यांदा आल्या तेव्हा आत वादी कबीरचे कदम ड्रायव्हर होते, मूळव्याधीचे. डॉक्टर गरजले, "किती दिवस त्रास आहे?" कदम म्हणाले दोन दिवस. बाहेर मॅडमच्या शेजारी बसलेल्या कदमबाई तिथूनच म्हणाल्या, "दोन महिने झाले, डॉक्टर. घरी उशी घेऊन बसतात."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांना हिंदी आमच्यापेक्षा बरी येते, त्यावरून मराठीही कळली. त्या डॉक्टरांना शांतपणे समजावून गेल्या की पेशंटची गोष्ट बाहेर ऐकू जाता कामा नये. पुढच्या वेळीही असंच दिसलं तर लायसन्स रिन्यू होणार नाही.

*

मी बाहेरचा टीव्ही मोठा करून पाहिला. डॉक्टर टीव्हीपेक्षा मोठ्याने बोलायला लागले. मशीनला दोरा बांधून त्यांच्या गळ्यात अडकवलं, तर दोरा नळीत गुंतला. डॉक्टर माझ्यावर चिडले, मी त्यांच्यावर.

एका दुपारी पेशंट संपले होते. डॉक्टर खिडकीशी उभे होते. म्हणाले, "शिर्के, यंदा बंद करू या का?"

त्यांच्या घरच्या बाई वारल्यापासून त्यांना या दवाखान्याशिवाय काही नाही. आणि ते एवढं हळू बोलू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मी म्हटलं, मला ऐकू आलं नाही. झाडू उचलला आणि बाहेर गेलो.

*

मॅडम शेवटचं बघायला यायच्या होत्या तो दिवस उन्हाचा. दवाखाना भरलेला. एक नवीन लग्न झालेली पोरगी, खाली मान घालून, डॉक्टरांच्या खोलीत गेली. दार लागलं. डॉक्टरांनी आतून पहिला प्रश्न विचारला आणि कदमबाई उठल्या. म्हणाल्या, "चला, सगळे खाली."

नंबराचं काय, एकाने विचारलं. कदमबाईंनी रॅकवरून आपल्या चपला काढल्या आणि डॉक्टरांच्या दाराशी जमिनीवर ठेवल्या. त्यांच्यामागे दुसऱ्याने ठेवल्या. मी ओरडलो, रॅक कशाला आणलाय! कोणी ऐकलं नाही. अनवाणीच जिना उतरले आणि गाळ्यांसमोरच्या सावलीत जाऊन उभे राहिले. सावलीतली फरशीही तापलेली, सगळे एक पाय उचलत होते, दुसरा टेकवत होते.

तेवढ्यात मॅडमची गाडी आली. त्यांनी लोकांकडे बघितलं, लोकांच्या पायांकडे बघितलं आणि वर गेल्या. मी मागोमाग.

वर माणूस नाही. रॅक रिकामा. डॉक्टरांच्या दारापासून बाकापर्यंत चपलांची सरळ रांग, मध्ये एका वेल्डरचे सेफ्टी शूज, एका शाळकरी मुलाचे बूट. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता. काय विचारत होते ते मी सांगणार नाही.

मी म्हटलं, "मॅडम, आप भी नीचे."

मॅडमनी टॅब बंद करून पर्समध्ये टाकला. वाकून बूट काढले, रांगेत सगळ्यात शेवटी नीट जोडून ठेवले आणि मोज्यांवर जिना उतरून गेल्या.