आर आणि टी यांचं लग्न

रॉक्सॅन कोझाक चहाची पिशवी दोनदा वापरते. भेटवस्तूवरचा कागद फाडत नाही. चिकटपट्टी नखाने सोडवते, कागदाची घडी घालते आणि गादीखाली ठेवते. दुकानात फुकट फवारायला ठेवलेली अत्तरं मनगटावर मारून कामावर येते, म्हणून सोमवारी तिला एक वास येतो आणि मंगळवारी दुसरा. फोन ठेवताना ‘बरं, तर मग’ म्हणते आणि पुढे बराच वेळ बोलत राहते. आणि कुणी तिचा कोट छान म्हटला, तर ती आभार मानत नाही. किंमत सांगते.

ही शेवटची सवय तिच्या एकटीची नाही. कॅनडातल्या या विनिपेगमध्ये सगळेच असे. ‘छान आहे’ म्हटलं की समोरचा डोळे बारीक करून विचारतो, ‘सांग बघू, कितीला?’ मग आपण मुद्दाम जास्त सांगायचं, म्हणजे त्याला खरा आकडा सांगताना सुख होतं. रॉक्सॅन फक्त आपल्या अंदाजाची वाट पाहत नाही.

ती दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. शेजारच्या खुर्चीत मारिका. मारिकाने साहित्याची पदवी घेतली आहे, आणि त्या जोरावर ती लोकांना फोन करून दात साफ करून घ्यायची आठवण देते.

त्या हिवाळ्यात रॉक्सॅनचं लग्न ठरलं. मुलगा ड्वेन. शहराची बर्फ ढकलणारी गाडी चालवतो. रॉक्सॅनला आई-वडील नाहीत. एक मोठी बहीण आहे, कॅरल-ॲन. ती टोरोंटोत श्रीमंतांची घरं सजवते. तिच्या लग्नाच्या पत्रिकेला रेशमी फीत होती. त्या लग्नात रॉक्सॅनने वराच्या आईला आपल्या टोपीची किंमत सांगितली. तेव्हापासून कॅरल-ॲनला विनिपेगला यायला सवड मिळालेली नाही.

लग्नाच्या वेळी बहिणीने शेजारी उभं राहावं, एवढंच रॉक्सॅनला हवं होतं. तिने फोन केला. कॅरल-ॲन म्हणाली, “पत्रिका पाठव ना. मग बघते.”

“बघ,” फोन ठेवून रॉक्सॅन मारिकाला म्हणाली, “पत्रिका बघून ठरवणार आहे.”

“तसं नसतं गं म्हणायचं.”

“तू नाही ओळखत तिला. लहानपणी माझ्या वह्यांची कव्हरंसुद्धा ती लपवून ठेवायची. म्हणायची, रॉक्सी, तुझ्या हातात काहीही दिलं की त्याचा जुना बाजार होतो.”

मग शोध सुरू झाला. पत्रिका छापणाऱ्या कंपन्या नमुने फुकट पाठवतात. रॉक्सॅनने सगळ्यांकडून मागवले. स्वतःच्या नावावर मिळेनासे झाले तेव्हा मारिकाच्या, मग डॉक्टरांच्या नावावर. साठीच्या, चार नातवंडांच्या डॉक्टरांना लग्नाच्या शुभेच्छा येऊ लागल्या. रॉक्सॅनच्या फ्रिजवर सुंदर पत्रिकांची रांग लागली. प्रत्येकीवर कुणा ऑलिव्हरचं कुणा पेनेलोपीशी लग्न होतं.

“या ऑलिव्हरला आपण ओळखतो का?” ड्वेनने विचारलं.

“नाही.”

“मग बरं. जेवढ्यांना ओळखतो तेवढेच हॉलमध्ये मावत नाहीयेत.”

छापायचे दर मात्र फुकट नव्हते. रॉक्सॅनने ते मोठ्याने वाचले आणि खुर्चीत बसून राहिली.

आणि मार्चमध्ये एका सकाळी ती दवाखान्यात एक खोका घेऊन आली. धर्मादाय संस्थेच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून. आत जाड, सायीच्या रंगाची कार्डं, हाताने फाडल्यासारख्या कडा, वर उठावाची सोनेरी अक्षरं एकमेकांत गुंफलेली: आर आणि टी. खाली कोरी जागा. सोबत अस्तर लावलेली पाकिटं. कुणाचं तरी लग्न छपाईआधीच मोडलं होतं.

“एका सँडविचच्या पैशात!” रॉक्सॅन म्हणाली. “सगळा खोका!”

“अगं, पण ते लग्न मोडलंय.”

“कार्ड कुठं मोडलंय?”

“आणि टी कोण?”

यावर तिने तयारी केली होती. ड्वेनचं पूर्ण नाव ड्वेन टेरेन्स पिडस्काल्नी. टेरेन्स त्याच्या आजोबांचं नाव. बाप्तिस्म्यानंतर ते कुणी उच्चारलं नव्हतं.

ड्वेनला संध्याकाळी सांगण्यात आलं. तो बटाट्याचं सारण भरलेल्या पेरोगी आंबट सायीत बुडवून खात होता.

“म्हणजे मी टेरेन्स?”

“फक्त पत्रिकेवर रे.”

“बरं,” ड्वेन म्हणाला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, “आंबट साय उरलीय का?”

मजकूर दवाखान्याच्या प्रिंटरवर छापला. जाड कार्ड पाहून प्रिंटर कण्हला. पहिल्या कार्डाच्या मागच्या बाजूला ‘उद्यापर्यंत कडक काही चावू नये’ अशी सूचना उमटली. ते ड्वेनच्या मामांना पाठवायचं ठरलं, कारण ते मागची बाजू वाचत नाहीत. पाकिटांवरची नावं मारिकाने टाकाने, शाईत बुडवून लिहिली. पदवीचा तो पहिला उपयोग. पत्रिका खरोखरच देखण्या झाल्या. एकच मागे ठेवली. सगळ्यात निर्दोष कार्ड, कॅरल-ॲनसाठी. तिच्या पाकिटावरचं अक्षर रॉक्सॅनला पसंत पडेना. “कॅरलचा सी अजून जरा श्रीमंत काढ,” ती म्हणायची.

एप्रिलमध्ये पत्रिका लोकांच्या घरी पोहोचल्या आणि फोन वाजायला लागले.

इथे लग्नाआधी हॉल भाड्याने घेऊन ‘सोशल’ करतात. तिकिटं विकायची, लोकांनी यायचं, नाचायचं, मध्यरात्री राय ब्रेड आणि लोणच्याच्या काकड्या खायच्या, आणि उरलेले पैसे लग्नाला. रॉक्सॅन आणि ड्वेनच्या सोशलची तिकिटं केव्हाच विकली गेली होती. आता त्याच लोकांच्या हातात रॉक्सॅन आणि टेरेन्सची पत्रिका होती.

“मी तिकिटं ड्वेनसाठी घेतली होती,” ड्वेनचे मामा फोनवर ओरडले. “हा टेरेन्स कोण उपटसुंभ? त्याने स्वतःची विकावीत!”

“मामा, टेरेन्स म्हणजे ड्वेनच.”

“त्याला सांग, मामा तुझ्या बाजूने आहे. आणि कडक काही चावायचं नाही, हे काय प्रकरण आहे?”

ड्वेनची ओल्गा आत्या दवाखान्यात आली. दात दाखवायला नाही, रडायला. बिचारा मुलगा थंडीत रस्ते साफ करत होता आणि इकडे ही दुसऱ्याच्या नावाची कार्डं छापत होती, असं तिने वेटिंग रूममध्ये सगळ्यांना सांगितलं. रॉक्सॅन समजावत राहिली. शेवटी आत्याने पत्रिका डोळ्यांजवळ नेली. “आहे मात्र सुरेख,” ती हुंदका आवरत म्हणाली.

“एका सँडविचच्या पैशात,” रॉक्सॅन म्हणाली. तिला राहवलंच नाही.

त्याच दुपारी टोरोंटोहून फोन आला. कॅरल-ॲनचा आवाज मोठा आहे. मारिकाला सगळं ऐकू आलं.

“रॉक्सी! गेल मावशीकडे तुझी पत्रिका पाहिली. अगं, काय सुंदर! मला वाटलंच नाही की तू... आणि टेरेन्स! सांगायचं नाहीस? तो गाडीवाला गेला एकदाचा?”

रॉक्सॅनने काउंटरची कड धरली.

“काय करतो गं टेरेन्स?”

“रस्त्यांचं काम,” रॉक्सॅन म्हणाली.

“इंजिनियर! देवा! मी येतेय हं. तुझ्या शेजारी उभी राहणार. विमानाचं तिकीट आजच काढते.”

“हो,” रॉक्सॅन म्हणाली, आणि फोन ठेवला. ‘बरं, तर मग’ म्हणाली नाही. मारिका तिच्याकडे बघत राहिली. जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि रॉक्सॅनचा चेहरा दाढ काढलेल्या माणसासारखा झाला होता.

संध्याकाळी मारिका शेवटचं पाकीट लिहायला तिच्या घरी गेली. बाहेर बर्फ पडत होता. एप्रिल असला म्हणून काय झालं. ड्वेन कामावर निघाला होता, बूट चढवत दारात बसला होता. फोनवरचं सगळं रॉक्सॅनने त्याला सांगितलं होतं. लपवणं तिला जमत नाही, किंमतसुद्धा.

“एक विचारू?” तो म्हणाला. “टेरेन्स लग्नात काय घालतो? माझं मला माहीत आहे. निळा सूट. त्याचं माहीत नाही.”

“ड्वेन, चेष्टा नको.”

“चेष्टा नाही. तुझी बहीण येईल, तर तिच्याशी मी काय बोलायचं? पूल कसे बांधतात वगैरे वाचून ठेवू का?”

तो मनापासून विचारत होता. मग टोपी घालून गेला. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

मारिकाने टाक शाईत बुडवला. यावेळी सी खरोखरच श्रीमंत आला. पण रॉक्सॅन पाकिटाकडे बघत नव्हती. तिने ते निर्दोष कार्ड समोर ओढलं, दवाखान्यातून आणलेलं दाढेच्या आकाराचं बॉलपेन घेतलं, आणि ‘टेरेन्स’वर आडवी रेघ मारली. वर लिहिलं, ‘ड्वेन’. जाड कागदावर निळी शाई पसरली.

“अगं!” मारिका म्हणाली.

“गप.”

मजकुराखाली उरलेल्या जागेत ती लिहायला लागली. अक्षर नेहमीसारखं, तिरकं. ‘कॅरल-ॲन, हा तोच गाडीवाला आहे. कार्डं जुन्या बाजारातली आहेत. तू ये. नाहीतर’

इथे पेन थांबलं.

“नाहीतर काय लिहायचं?” तिने विचारलं. “तू शिकलेली आहेस ना?”

मारिकाने विचार केला. मग टाकाची शाई पुसायला घेतली.

लग्न पुढच्या शनिवारी आहे. निळा सूट इस्त्री करून दाराला टांगलाय. कार्ड अजून फ्रिजवर आहे, ऑलिव्हर आणि पेनेलोपीच्या शेजारी. पाकिटावर टपालाचं तिकीटसुद्धा लावलेलं आहे. जाता-येता रॉक्सॅन पेन उचलते, ‘नाहीतर’पुढे टेकवते, आणि पुन्हा खाली ठेवते.